सेनानी ते लोकप्रतिनिधी : जनरल जगन्नाथराव भोसले

(बी. ए. द्वितीय वर्ष, दवनीवाडा)

आझाद हिंद सेनेचे प्रकरण आपण सर्वांनीच शाळेपासून वाचलेले आहे. नेताजी सुभाषचंद्र बोस, रासबिहारी बोस, कॅप्टन लक्ष्मी, लाल किल्ल्यातील खटल्यातील शहानवाज, सहगल व धिल्लाँ ही नावे कोणत्याही विद्यार्थ्याला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येतील. परंतु या सेनेचा चीफ ऑफ स्टाफ, म्हणजे नेताजींच्या खालोखाल सैन्याच्या कारभाराची सूत्रे ज्याच्या हाती होती तो अधिकारी, एक मराठी माणूस होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मलाही ठाऊक नव्हते. जनरल जगन्नाथराव कृष्णराव भोसले हे त्यांचे नाव. पुढे हाच माणूस स्वतंत्र भारताच्या पहिल्या लोकसभेत निवडून गेला आणि पुनर्वसन खात्याचा उपमंत्री झाला. त्यांच्या आयुष्याचे हे दोन भाग एकमेकांशी कसे जोडलेले आहेत, ते पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

जगन्नाथरावांचा जन्म १९०६ साली सावंतवाडी संस्थानातील तिरोडे या गावी झाला. (आमच्या शेजारच्या तिरोड्याशी या गावाचा संबंध नाही. एक महाराष्ट्राच्या पार पूर्व टोकाला धानाच्या बांध्यांत, तर दुसरे पश्चिम टोकाला समुद्राजवळ. तरी नाव वाचून मला आपलेपणा वाटला, हे लपवीत नाही.) सावंतवाडी हे भोसले घराण्याचे लहानसे संस्थान. तेथून हा मुलगा डेहराडूनच्या लष्करी विद्यालयात गेला. हे विद्यालय १९२२ साली सुरू झाले होते, आणि हिंदी मुलांना इंग्लंडमधील सँडहर्स्ट येथील लष्करी महाविद्यालयासाठी तयार करणे हा त्याचा उद्देश होता.

येथे थोडे थांबून त्या काळची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. हिंदी शिपायांच्या जोरावर इंग्रजांनी अर्धे जग जिंकले, परंतु त्या शिपायांचा अधिकारी मात्र गोराच असे. हिंदी माणूस फार तर सुभेदार-मेजर होई, आणि काल आलेल्या गोऱ्या पोराला त्याला सलाम करावा लागे. पहिल्या महायुद्धात हिंदी सैनिकांनी रक्त सांडल्यावर १९१८ पासून सँडहर्स्टमध्ये हिंदी तरुणांसाठी जागा ठेवण्यात आल्या. किती? तर वर्षाला दहा! एवढ्या मोठ्या देशातून दहा! आणि तेथून बादशहाचे कमिशन घेऊन परत आलेल्यांनाही सर्व पलटणी मोकळ्या नव्हत्या. १९२३ साली आठ पलटणींची योजना निघाली. हिंदी अधिकाऱ्यांना या आठांतच नेमायचे, म्हणजे कोणा गोऱ्याला काळ्याच्या हाताखाली काम करण्याची वेळ येणार नाही, असा त्यातला खरा हिशेब होता. आपल्या गावांतल्या जेवणावळीत काही जणांची पंगत वेगळी बसवीत, तसलाच हा प्रकार. वाढले जाते तेच, पण बसायचे पलीकडे.

अशा काळात भोसले सँडहर्स्टमधून उत्तीर्ण झाले आणि १९२८ साली कमिशन घेऊन मराठा लाइट इन्फन्ट्रीत दाखल झाले. त्यानंतरची बारा-तेरा वर्षे ही शांततेच्या काळातील लष्करी नोकरी. ती मी ओलांडून पुढे जाते, कारण त्यांच्या आयुष्याला खरे वळण मिळाले ते सिंगापूरला.

८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी सैन्य मलायात उतरले आणि अवघ्या सत्तर दिवसांत, १५ फेब्रुवारी १९४२ रोजी, इंग्रजांचा अभेद्य म्हणवला जाणारा सिंगापूरचा तळ पडला. दोन दिवसांनी फॅरर पार्क या मैदानावर हिंदी युद्धकैद्यांना एकत्र करण्यात आले. त्यांची संख्या चाळीस हजारांहून अधिक होती. इंग्रज अधिकाऱ्याने त्यांना जपान्यांच्या स्वाधीन केले, आणि जपानी मेजर फुजिवारा याने त्यांना कॅप्टन मोहनसिंग यांच्या स्वाधीन केले. एखाद्याने गोठ्यातील गुरे दुसऱ्याच्या हवाली करावीत तसे हे हस्तांतर झाले. ज्या सरकारशी आपण इमान राखले त्या सरकारने आपल्याला असे टाकून दिले, ही भावना त्या मैदानावरील अनेकांच्या मनात कायमची घर करून राहिली.

आता प्रत्येकापुढे प्रश्न उभा राहिला. आझाद हिंद सेनेत जायचे की युद्धकैदी म्हणून राहायचे? आज आपल्याला हा प्रश्न फार सोपा वाटतो. वस्तुतः तो तसा नव्हता. या सैनिकांनी शपथ घेतलेली होती. शपथ मोडणे म्हणजे लष्करी कायद्याप्रमाणे बंड, आणि बंडाची शिक्षा मृत्यू. शिवाय जपानी कशावरून खरे बोलतात? त्यांनी चीनमध्ये काय केले होते ते सर्वांना माहीत होते. म्हणून हजारो सैनिक सेनेत गेले नाहीत. त्यांपैकी कित्येकांना न्यू गिनीसारख्या दूरच्या बेटांवर मजुरीला पाठवण्यात आले आणि तेथे उपासमारीने व रोगराईने त्यांचे अतोनात हाल झाले. या माणसांना भित्रे किंवा देशद्रोही म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ज्यांनी शपथ पाळली त्यांनीही किंमत मोजली, ज्यांनी मोडली त्यांनीही मोजली. आपल्या पुस्तकांत एकाच बाजूची किंमत लिहिलेली असते.

भोसले यांनी सेनेत जाण्याचा निर्णय घेतला. त्यात आणखी एक अडचण होती. ते त्या वेळी लेफ्टनंट कर्नल होते, आणि सेनेचे प्रमुख मोहनसिंग हे इंग्रजांच्या सैन्यात साधे कॅप्टन. म्हणजे हुद्द्याने वरिष्ठ असलेल्याने कनिष्ठाच्या हाताखाली काम करायचे! लष्करात ही गोष्ट किती जड जाते ते निवृत्त सैनिकांना विचारावे. भोसले यांनी ते मान्य केले. सप्टेंबर १९४२ मध्ये सेनेची रीतसर उभारणी झाली तेव्हा तिच्यातील प्रमुख लढाऊ दलाचे, हिंदुस्थान फील्ड ग्रुपचे, नेतृत्व त्यांच्याकडे आले. गांधी, नेहरू व आझाद या नावांची गनिमी पथके याच सेनेत होती.

पुढील तीन-चार महिने मात्र वाईट गेले. जपान्यांना ही सेना आपल्या हातातील बाहुले म्हणून हवी होती, तर मोहनसिंगांना ती मित्रराष्ट्राची स्वतंत्र सेना हवी होती. हा वाद विकोपाला गेला. डिसेंबर १९४२ मध्ये मोहनसिंगांना अटक झाली आणि जाताना त्यांनी सेना विसर्जित केल्याचे जाहीर केले. सैनिकांनी बिल्ले काढून टाकले. सेना संपली, असेच सर्वांना वाटले असणार. परंतु रासबिहारी बोस यांच्या प्रयत्नाने फेब्रुवारी १९४३ मध्ये ती पुन्हा उभी राहिली. एका माणसाच्या हाती सर्व सत्ता न ठेवता लष्करी विभागाचे संचालनालय स्थापन झाले, आणि त्याच्या प्रमुखपदी लेफ्टनंट कर्नल भोसले यांची नेमणूक झाली.

माझ्या मते भोसले यांच्या लष्करी जीवनातील सर्वांत महत्त्वाचा काळ हाच होय. नेताजी सिंगापूरला आले ते २ जुलै १९४३ रोजी. ४ जुलैला त्यांनी चळवळीची सूत्रे हाती घेतली व दुसऱ्या दिवशी सैन्याची मानवंदना स्वीकारली. ते मानवंदना देणारे सैन्य आधीच्या पाच महिन्यांत कोणी टिकवून धरले होते? निराश, फुटलेल्या, एकमेकांवर संशय घेणाऱ्या माणसांना पुन्हा एका रांगेत उभे करणे हे काम लढाई जिंकण्याइतकेच अवघड असते, मात्र त्याचे पोवाडे कोणी गात नाही. सेनापती आल्यावर तुताऱ्या वाजतात. तो येईपर्यंत छावणी राखणाऱ्याची आठवण कोण ठेवतो?

२१ ऑक्टोबर १९४३ रोजी नेताजींनी सिंगापूर येथे आझाद हिंद सरकारची घोषणा केली. सैन्याचे प्रतिनिधी म्हणून जे अधिकारी त्या मंत्रिमंडळात घेतले गेले त्यांत भोसले होते. चीफ ऑफ स्टाफ या नात्याने भरती, शिक्षण, पुरवठा असली सर्व कामे त्यांच्या कक्षेत येत. आता सेनेत केवळ युद्धकैदी राहिले नव्हते. मलायातील रबराच्या मळ्यांत राबणारे तमिळ मजूर, दुकानदार, कारकून असे हजारो लोक भरती होऊ लागले होते. ज्यांनी आयुष्यात बंदूक पाहिली नाही त्यांना सैनिक बनवायचे होते. राणी झाशी पथकातील मुली तर आमच्याच वयाच्या होत्या, आणि त्यांतील बहुतेकींनी हिंदुस्थानची भूमी कधी डोळ्यांनी पाहिलेलीही नव्हती.

इंफाळच्या मोहिमेचे वर्णन अन्यत्र पुष्कळ उपलब्ध आहे. मार्च १९४४ मध्ये सुरू झालेली ती मोहीम जुलैपर्यंत पाऊस, भूक आणि हिवताप यांनी संपवली. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण गेला. भोसले, जे आता मेजर जनरल होते, इंग्रजांचे कैदी झाले. नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यात पहिला खटला उभा राहिला. भुलाभाई देसाई यांनी आरोपींची बाजू मांडली. देशात असा काही वणवा पेटला की शिक्षा होऊनही सरकारला ती अंमलात आणता आली नाही. १९४६ साली भोसले यांची सुटका झाली. त्या वेळी त्यांचे वय होते चाळीस.

यानंतर जे घडले ते पाठ्यपुस्तकात नसते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, लाल किल्ल्यावर तिरंगा चढला, परंतु आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांना व जवानांना स्वतंत्र भारताच्या सैन्यात परत घेण्यात आले नाही. ज्यांनी शपथ मोडली त्यांना परत घेतल्यास सैन्यातील शिस्त बिघडेल, असे सांगण्यात आले. या युक्तिवादात तथ्य नाही असे नाही. पण ज्या माणसाने सँडहर्स्टमध्ये शिक्षण घेतले, पलटणी चालवल्या, फुटलेली सेना सांधली, त्याला ऐन कर्तृत्वाच्या वयात स्वतःच्याच देशाने गणवेश नाकारला, ही गोष्ट वाचताना मन खिन्न होते. त्यांचे सहकारीही पांगले. मोहम्मद झमान कियानी पाकिस्तानात गेले आणि १९४७ च्या काश्मीर युद्धात त्या बाजूने उभे राहिले. शहानवाज खान भारतात राहिले, मीरतहून लोकसभेत निवडून आले. मोहनसिंग पुढे राज्यसभेचे सदस्य झाले. एकाच ध्वजाखाली उभी राहिलेली ही माणसे.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भोसले काँग्रेसतर्फे रत्नागिरी जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून आले. (सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली झाला. तोवर सावंतवाडी रत्नागिरीतच होती.) त्यांना पुनर्वसन खात्याचे उपमंत्री करण्यात आले. माजी सेनापतीला संरक्षण खाते न देता निर्वासितांचे खाते दिले, याचे प्रथम मला नवल वाटले. पण विचार केल्यावर वाटते की ही नेमणूक अगदी योग्य होती. १९५१ च्या जनगणनेप्रमाणे देशात सुमारे ७३ लाख विस्थापित होते. पैकी ४७ लाखांच्या आसपास पश्चिम पाकिस्तानातून व २५ लाखांच्या आसपास पूर्व बंगालमधून आलेले. आपल्या राज्यातील उल्हासनगर म्हणजे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची बसवलेली वस्ती. तंबू, शिधा, पाणी, वैद्यकीय सोय, माणसांची नोंद ही सारी छावणीचीच कामे, आणि छावणी म्हणजे काय हे भोसले यांच्याइतके कोणाला माहीत असणार? स्वतः कैदी म्हणून छावणीत राहिलेला माणूस होता तो.

या खात्यात असतानाच त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. निर्वासितांना घर देता येते, मोबदला देता येतो, त्यासाठी १९५४ साली कायदाही झाला. पण ज्या मुलांनी डोळ्यांदेखत आईबाप गमावले, ज्यांचे बालपण फलाटावर आणि तंबूत गेले, त्यांचे काय? दिल्लीत लाजपतनगर येथे कस्तुरबा निकेतन नावाची विस्थापित स्त्रिया व मुलांसाठी संस्था होती. तेथे जुलै १९५४ मध्ये भोसले यांनी आपल्या कल्पनेतील ‘राष्ट्रीय शिस्त योजना’ प्रथम राबवली. कवायत, खेळ, समूहगीते, थोर पुरुषांच्या कथा, स्वच्छता असे तिचे स्वरूप होते. शिक्षेचा धाक दाखवून मुलांना गप्प बसवणे म्हणजे शिस्त नव्हे, तर एकत्र पाऊल टाकताना, एकत्र गाताना मुलाला आपण कोणाचे तरी आहोत असे वाटले पाहिजे, हा तिच्या मुळाशी असलेला विचार. योजनेचा परिणाम पाहून ती इतर निर्वासित संस्थांत व पुढे अन्य शाळांत पसरली. नंतर ती शिक्षण मंत्रालयाकडे गेली आणि तिच्यासाठी शिक्षकांना खास प्रशिक्षण देण्यात येऊ लागले.

मला या योजनेचा मागोवा घेताना आझाद हिंद सेनेतील फेब्रुवारी १९४३ आठवल्याशिवाय राहिले नाही. तेथे बिल्ले काढून टाकलेले सैनिक, येथे घर हरवलेली मुले. काम एकच. विखुरलेल्यांना रांगेत उभे करायचे, पण रांग अशी की त्यांना तीत उभे राहावेसे वाटले पाहिजे.

तथापि या योजनेवरील आक्षेपही सांगितले पाहिजेत. शाळेत आधीच शारीरिक शिक्षणाचा तास होता. १९४८ च्या कायद्याने एन.सी.सी. आलेली होती. तिच्या जोडीला ए.सी.सी. होती. त्यात ही आणखी एक शिट्टी! एकाच मैदानावर एकाच मुलाला चार जणांनी चार प्रकारे ‘सावधान’ म्हणायचे काय? हा गोंधळ दूर करण्यासाठी १९५९ साली पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने या सर्वांचे एकत्रीकरण करावे अशी शिफारस केली. माझ्यापुरते सांगायचे तर समितीचे म्हणणे हिशेबाच्या दृष्टीने बरोबर होते. परंतु पी.टी.च्या तासाला रोवणीच्या दिवसांत निम्मा वर्ग गैरहजर असलेल्या शाळेत मी शिकले आहे. अशा मुलांना शाळेत यावेसे वाटेल असे काही असले पाहिजे, हे कोणत्याही एकत्रीकरणाच्या अहवालाने सुटत नाही.

राजकारणी म्हणून भोसले यांना कितपत यश आले? येथे प्रामाणिकपणे उत्तर द्यायचे तर, फारसे नाही. १९५६ साली मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या प्रश्नावर सारा महाराष्ट्र पेटला. कोकणातीलच कुलाबा मतदारसंघाचे खासदार व देशाचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. भोसले उपमंत्रिपदावर राहिले. १९५७ च्या निवडणुकीत कोकणाने काँग्रेसला धूळ चारली. रत्नागिरीतून जनसंघाचे प्रेमजीभाई आसर आणि राजापुरातून समाजवादी नाथ पै निवडून आले. दुसऱ्या लोकसभेत भोसले दिसत नाहीत.

एकदा शपथ मोडलेल्या माणसाला दुसऱ्यांदा पक्षाची शिस्त मोडणे का जमले नसावे? की पहिल्यांदा जे मोडले त्याची किंमत इतकी मोठी होती की पुन्हा तसे पाऊल उचलण्याची इच्छा उरली नव्हती? की निर्वासित मुलांचे काम अर्धवट सोडवेना? माणसाच्या मनातले इतिहासाला नेहमी कळते असे नाही. एवढे मात्र दिसते की लोकसभा सुटली तरी शिस्त योजनेचे काम त्यांनी सोडले नाही. १९६३ साली त्यांचे निधन झाले तोवर ते त्यातच होते.

सैनिक राजकारणात यावा की न यावा, हा वादाचा विषय आपल्या मंडळात अनेकदा निघतो. महाराष्ट्रात अशी उदाहरणे मोजकीच. १९९१ साली राजापुरातून निवडून आलेले ब्रिगेडियर सुधीर सावंत हे त्यांपैकी एक, आणि तेही कोकणातलेच. उलट १९६२ साली चीनच्या आक्रमणानंतर संरक्षणमंत्री झालेल्या यशवंतराव चव्हाणांनी कधी गणवेश चढवला नव्हता. तेव्हा या बाबतीत नियम सांगता येत नाही. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न निराळा आहे : गणवेश उतरल्यावर सैनिकाने काय करावे?

हा प्रश्न मी पुस्तकातून घेतलेला नाही. दवनीवाड्याच्या रस्त्यावर पहाटे चार वाजता धावणाऱ्या मुलांत माझा भाऊ असतो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, आणि नोकरीसाठी भरतीच्या मैदानावर जाणारा तो पहिला. २०२२ साली आलेल्या अग्निपथ योजनेप्रमाणे ही नोकरी चार वर्षांची. त्यानंतर शंभरांतील जास्तीत जास्त पंचवीस जणांना कायम ठेवणार, बाकीचे परत. म्हणजे भोसले यांच्यावर चाळिसाव्या वर्षी जी वेळ आली ती आमच्या भावांवर बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी येणार. बाबा म्हणतात, “परत आला तर बांधी आहेच.” बांधी दीड एकर आहे आणि भाऊ दोन आहेत.

पुनर्वसनाचेही आपल्या जिल्ह्याला वावडे नाही. अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील अरुणनगर, गौरनगर यांसारख्या वस्त्यांत पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबे राहतात, आणि त्याच तालुक्यात प्रतापगड-गोठणगावच्या बाजूला तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. या वसाहती भोसले यांच्या कारकिर्दीनंतरच्या होत, तेव्हा त्यांचे श्रेय त्यांना देता येणार नाही. पण इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी दिल्लीच्या लाजपतनगरपर्यंत न जाता तेथे एकदा जाऊन वृद्धांना बोलते करावे, असे मला सुचवावेसे वाटते. आमच्या वर्गातील एक मैत्रीण त्याच बाजूची आहे. तिच्या वर्गमैत्रिणींच्या आज्या आजही बंगालीतच रागावतात म्हणे.

भोसले यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९६५ मध्ये, कुंझरू समितीच्या शिफारशींना अनुसरून राष्ट्रीय शिस्त योजना ‘नॅशनल फिटनेस कोअर’मध्ये विलीन झाली. सत्तरच्या दशकात तिचे शिक्षक राज्यांकडे वर्ग झाले व निरनिराळ्या शाळांत पी.टी.चे मास्तर म्हणून पांगले. १५ ऑगस्ट १९७२ रोजी स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले, आणि त्यात आझाद हिंद सेनेच्या सैनिकांचाही समावेश झाला. फॅरर पार्कच्या त्या सकाळीला तेव्हा तीस वर्षे झाली होती.